निळ्या फेट्यातला केस

आमच्या दाजींचा या अख्ख्या दुनियेत एकाच वस्तूवर विश्वास होता, आणि ती वस्तू म्हणजे माणसाच्या डोक्यावरचा केस. त्या केसाखाली जो उरलेला माणूस असतो, त्याच्यावर त्यांनी कधी काडीचा विश्वास ठेवला नाही. "माणूस खोटं बोलतो, त्याचे कागद खोटं बोलतात, त्याचे सोयरे तर बोलतातच बोलतात," असं ते म्हणायचे, "केस बिचारा गप बसून सगळं लिहून ठेवतो." हे त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवलं ते माझ्या थोरल्या बहिणीशी, म्हणजे आमच्या अक्काशी, त्यांचं लग्न लागलं त्या दिवशी, आणि ऐकवताना त्यांची नजर माझ्या भांगावर खिळलेली होती. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि त्याच आठवड्यात पहिली बिडी ओढून बघितली होती. पुढं महिनाभर मी डोक्याला रुमाल बांधून हिंडलो. आता त्या डोक्यावर रुमालाखाली लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, पण दाजी समोर आले की हात अजून आपोआप टकलाकडं जातो.

दाजी कलबुर्गीला एका प्रयोगशाळेत नोकरीला होते. तिथं गुन्ह्यांतले नमुने तपासायला यायचे. दाजींचं काम शास्त्रज्ञाचं नव्हतं हो. आलेलं पाकीट घ्यायचं, त्यावर चिठ्ठी चिकटवायची, नाव आणि तारीख लिहायची, कपाटात ठेवायचं आणि साहेबांनी मागितलं की काढून द्यायचं. पण तीस वर्षं त्या कपाटाशेजारी बसून त्यांच्या अंगात अशी काही विद्या मुरली होती की ऐकणाऱ्याला वाटावं, साहेब लोक नुसते सह्या करत असतील. "रक्तात जे जातंय ते मुळापाशी केसात शिरतंय," दाजी सांगायचे. "गांजा घ्या, गोळ्या घ्या, काय बी घ्या. रक्त चार दिवसांत साफ होतंय, लघवी साफ होतीय, केस साफ होत न्हाई. आन् केस वाढतोय महिन्याला एक सेंटिमीटर. मुळाजवळचा तुकडा म्हंजे ह्यो महिना, त्याच्या वरचा तुकडा म्हंजे मागला. बोटभर केसात अख्खं अर्धं वरीस बसलेलं असतंय, मेव्हणे!" पूर्वी म्हणे तपासायला पेन्सिलीएवढी जाड बट लागायची. आता नवी यंत्रं निघाली आहेत. एकच केस काचेवर आडवा चिकटवायचा, लांबीत चिरायचा, त्याच्यावरून मुळापासून टोकापर्यंत किरण फिरवायचा, की पडद्यावर त्या केसाचं चित्र उमटतं. औषध जिथं असेल तिथं रंग. नसेल तिथं निळसर, थोडं असेल तर पिवळा, जास्त असेल तर लाल. "यंत्राची पेटी आली आन् दुसऱ्याच महिन्यात मला हार घालून घरी लावलं," हे सांगताना मात्र दाजींचा आवाज बसायचा. त्या यंत्राचं एक चित्रसुद्धा त्यांना धड बघायला मिळालं नव्हतं.

निवृत्त होऊन ते संतपूरला आपल्या घरी येऊन राहिले आणि संतपूरकरांचे दिवस फिरले. खिशात एक चिमटा, एक लहान भिंग, स्टीलची सहा इंची पट्टी आणि पाच-सहा कागदी पाकिटं, एवढ्या हत्यारांनिशी दाजी सकाळी बाहेर पडायचे. पाकिटं माझ्याच दुकानातली. कमलनगरच्या स्टँडसमोर माझं वह्या-पुस्तकांचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. महिन्यातून एकदा जीपमध्ये बसून दाजी यायचे, पाकिटाचा कागद बोटांत चोळून बघायचे आणि मग पट्टी लावायचे. एकदा मी म्हणून गेलो, "दाजी, चार इंच धरा की." झालं! गिऱ्हाइकांच्या देखत त्यांनी माझी बिनपाण्यानं केली. "धरा म्हंजे काय? आं? मापात 'धरा' नसतंय, मेव्हणे. असतंय तेवढंच असतंय. तीस वर्षांत माझ्या हातनं एक नमुना इकडचा तिकडं झाला न्हाई, तो असं धरून धरून न्हाई झाला!" पाकीट निघालं पावणेचार इंच.

न्हाव्याच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर त्यांची बैठक असायची. आत कोण कोण केस कापून घेतंय यावर डोळा. एखादा तरणा गडी टक्कल करून बाहेर आला की दाजी ताडकन उठायचे. "कामून रे? एवढे चांगले केस कामून काढलास? काय पुसून टाकायलास?" त्या बिचाऱ्याच्या डोक्यात उवा झालेल्या असायच्या. शेवटी न्हाव्यानं हात जोडले. म्हणाला, "अण्णा, तुमच्या भ्यानं गिऱ्हाईक औरादला जायलंय. तुम्ही फुकट दाढी करून घ्या, पण तोंड तिकडं करून बसा." दाजींनी त्याच्यावरही संशय घेतला. एवढा उदार होतोय म्हणजे काहीतरी लपवतोय.

आमच्या वस्तीत करणी-भानामती कुणी मानत नाही. बापजाद्यांनी ते सगळं धम्म घेतला तेव्हाच वेशीबाहेर टाकलं, असं आम्ही अभिमानानं सांगतो. पण दाजी निवृत्त होऊन आल्यापासून वस्तीतल्या झाडून सगळ्या बायका विंचरून निघालेलं गुंतवळ लगेच चुलीत घालू लागल्या, हेही खरं. त्यामुळं गुंतवळावर भांडी देणारी बाई दोनदा मोकळ्या हातानं परत गेली. तिसऱ्या खेपेला ती थेट दाजींच्या दारात येऊन उभी राहिली. "तुमी कोणती भांडी देता वो अप्पा, की समद्या बाया तुमालाच केस द्यायल्यात?" दाजींनी तिला केसाचं शास्त्र समजावून सांगायला सुरुवात केली. ती पाटी उचलून अशी निघाली की पुन्हा संतपूरच्या वाटेला आली नाही. आतून अक्का पदर तोंडाला लावून हसत होती.

अक्कावर मात्र दाजींनी कधी संशय घेतला नाही. तो मान जगात तिला एकटीलाच होता, आणि तो कौतुकापोटी नव्हता. "ही? हिला साखरसुद्धा चोरून खाता येत न्हाई," असं ते तिच्या तोंडावर म्हणायचे. आणि याचा त्यांच्याकडं पुरावा होता. घरातल्या प्रत्येक डब्याच्या झाकणावर ते थुंकी लावून एक केस आडवा चिकटवत. कुणी डबा उघडला की केस तुटणार आणि चोरी उघडकीला येणार. रोज सकाळी चहाच्या आधी सगळे केस तपासले जायचे, आणि वर्षानुवर्षं ते जागच्या जागी असायचे. आता घर म्हटलं की बाईला दिवसातून दहादा डबे उघडावे लागतात, एवढंही त्या माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं. अक्का डबा उघडायची, काम झालं की आपल्या फणीतला एक केस काढून त्याच जागी चिकटवायची. "एवढ्यानं त्यांचा दिवस चांगला जातो, भाऊ," ती मला म्हणाली होती. "मला काय, केस हायेत भरपूर."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण एकदा मी दाजींना चिडून विचारलं की हा संशय तुमच्या डोक्यात आला तरी कुठून. तेव्हा ते पट्टी बोटांवर आपटू लागले. मग म्हणाले, "आमच्या कपाटासमोर एक बाकडं हुतं. त्याच्यावर बाप येऊन बसायचे. पोराचा केस पाकिटात, आन् बाप बाकड्यावर. परत्येक जण म्हणायचा, माझं लेकरू तसलं न्हाई, साहेब. परत्येक जण! मग मी कपाटातनं पाकीट काढून द्यायचो." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सुजाता लग्नाला आलीय. तुम्हाला त्या बाकड्यावर बसलेलं मी बघणार न्हाई."

सुजाता माझी एकुलती एक लेक. तिला निंबर्ग्याचं स्थळ आलं, ती गोष्ट यानंतर दोन महिन्यांनी. मिलिंद म्हणून मुलगा, कलबुर्गीला शाळेत चित्रकलेचा शिक्षक. घर शेतकऱ्याचं, माणसं सरळ. दोघांची आधीपासून ओळख होती हे आम्हाला नंतर कळलं, पण तेही काही वावगं नव्हतं. अडचण एकच होती. मुलाचे केस मानेवर रुळणारे होते आणि ते तो मागं रबर लावून बांधायचा. फोटो बघताच दाजींच्या नाकपुड्या फुगल्या. "बैठक माझ्या घरी व्हईल," त्यांनी जाहीर केलं. थोरले म्हणून त्यांचा मान होता, मला नाही म्हणता आलं नाही.

बैठकीला पाहुणे आले. दाजी मुलाच्या समोरच बसले आणि जेवण होईतो त्यांनी त्याच्यावरची नजर काढली नाही. मुलाचे डोळे लाल होते. "जागरण?" दाजींनी विचारलं. मुलगा म्हणाला, "शाळेचे बोर्ड रंगवायलोय, मामा." सुजाता दाजींना मामा म्हणते, म्हणून त्यानंही मामा म्हटलं होतं. दाजींनी मला कोपर मारलं. मुलानं खीर दोनदा मागून घेतली. दाजींनी पुन्हा कोपर मारलं आणि कानात म्हणाले, "गोड लई खायलाय." मुलगा स्वतःशीच हसला. तिसरं कोपर इतक्या जोरात बसलं की माझ्या हातातला तांब्या सांडला. सुजाता दारातून हसत होती म्हणून तो हसत होता, हे मला दिसत होतं. पण खरं सांगतो, तिसऱ्या कोपरानंतर मलाही त्या हसण्यात काहीतरी गडबड वाटायला लागली. संशय ही चीजच तशी आहे. शेजारच्याला खाज सुटली की आपल्यालाही सुटते.

जेवणानंतर आमच्या भागात पाहुण्याला टॉवेल-टोपीचा आहेर करतात. दाजी उठले आणि म्हणाले, "टोपी नको. जावयाला फेटा बांधायचा." आत जाऊन त्यांनी अक्काच्या पेटीतून निळा फेटा काढून आणला. अक्का मागून आली. "आवो, त्यो कामून काढलात? धुतला न्हाई अजून."

"असू दे," दाजी म्हणाले. फेटा दोनदा झटकला आणि स्वतःच्या हातानं मुलाच्या डोक्यावर करकचून बांधला. फोटो निघाले. पाहुण्यांची जीप वळणाआड गेली न गेली तोच दाजी दार लावून, तो फेटा चटईवर पसरून, भिंग घेऊन पालथे पडले होते. फेटा मुलाला नेऊ दिला नव्हता. नीट घडी घालून देतो म्हणून काढून घेतला होता. आतल्या घडीत त्यांना एक काळाभोर, वीतभर लांबीचा, मुळासकट निघालेला केस सापडला. चिमट्यानं तो पाकिटात गेला, आणि पाकिटावर वळणदार अक्षरात लिहिलं गेलं: मुलगा, निंबर्गा.

हैदराबादला एका खाजगी प्रयोगशाळेत तसलं यंत्र होतं. दाजींच्या हाताखाली चिठ्ठ्या चिकटवायला शिकलेली एक कन्नड मुलगी आता तिथं रसायनतज्ज्ञ झाली होती. यंत्र नीट चालतंय का बघायला तिला केस लागायचेच, आणि दाजींचा शब्द ती मोडत नसे. पाकीट गेलं. वीस दिवसांनी दाजींच्या मोबाइलवर एक चित्र आलं, आणि ते घेऊन दाजी पहिल्या जीपनं माझ्या दुकानात हजर झाले.

मी असला केस कधी पाहिला नव्हता. काळ्या पडद्यावर एक बारीक पट्टा, टोकाकडं निळसर, मग फिका पिवळा, आणि मुळाकडं येता येता लाल होत होत पार रक्तासारखा झालेला. "दुखण्यावरच्या गोळीतलं औषध हाय," दाजी म्हणाले. "लई जोरदार. पोरं नशेला खातात. आदी थोडं, मग वाढत गेलंय. वाढतच गेलंय, मेव्हणे. बघा की." मला वाटलं होतं आयुष्यात पहिल्यांदा आपलं खरं झालं म्हणून हा माणूस उड्या मारील. पण दाजींनी माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून दोन ग्लास पाणी पिलं आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "मोडून टाका."

मी घरी जाऊन सांगितलं. सुजाता रडली नाही, ओरडली नाही. "बाबा, तुम्ही त्याला विचारलं का?" एवढंच म्हणाली.

"विचारल्यावर कोण कबूल करतंय?"

"मग मला तरी विचारा. माझे पण केस हायेत. काढा पाकीट!"

मी तिच्याकडं बघू शकलो नाही. तिला लहानपणी खांद्यावर घेऊन जयंतीला नेलेला मी, आणि आता तिनं पारखलेल्या माणसावर एका पट्ट्याच्या चित्रावरून काट मारायला निघालो होतो. तिनं स्वतःच मिलिंदला फोन लावला, आणि एक शब्द न लपवता सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो संतपूरला आला. एकटाच. आम्ही सगळे दाजींच्या ओसरीवर बसलो होतो. कुणी 'या' म्हणालं नाही, तरी तो बसला. चेहरा उतरलेला होता, पण आवाज शांत होता. "मामा, फेट्यात हुडकायची काय गरज हुती? मागितले असते तर वेणी घालून दिले असते." त्यानं रबर काढलं, केस मोकळे सोडले आणि दाजींकडं पाठ करून बसला. "घ्या. तुमच्या हातानं घ्या, म्हंजे पुन्हा शंका नको. पण एक सांगतो. हे साफ निघाले तर मी लगीन करणार, आन् तुम्हाला पाया पडायला येणार. तेव्हा माझ्याकडं असं बघायचं न्हाई."

दाजींनी कात्री घेतली. मानेजवळून पेन्सिलीएवढी बट कापली, मुळाकडच्या बाजूला दोरा बांधला, पाकिटावर तारीख घातली, मिलिंदची सही घेतली, माझी घेतली. अक्का खांबाला टेकून उभी होती. तिचा चेहरा मला तेव्हा पांढराफटक दिसला होता. मला वाटलं, प्रसंगच तसा आहे.

या खेपेला उत्तर लवकर आलं. फोन आला तेव्हा मी दाजींच्याच घरी होतो. त्यांनी आवाज मोठा केला, मला ऐकू यावं म्हणून. "अण्णा," पलीकडून ती मुलगी म्हणाली, "ह्या केसात काहीच नाही. चहा तेवढा सापडला. चहा लई पितो हा माणूस." माझ्या डोळ्यांना पाणीच आलं. पण ती पुढं बोलत होती. "आणि अण्णा, दोन्ही केस शेजारी ठेवून बघितले. पहिला केस ह्या माणसाचा नाहीच. त्याच्यावर काळा रंग लावलेला आहे. खाली तो पिकलेला केस आहे. हे तुम्हाला भिंगातून दिसलं नाही काय?"

फोन बंद झाला. तीस वर्षांत एक नमुना इकडचा तिकडं न झालेला माणूस खिशातलं भिंग काढून उलटंपालटं करू लागला. मग सवयीनं त्यांची मान माझ्याकडं वळली. "मेव्हणे, तुम्ही काळं लावता?"

"दाजी, लावायला केस कुठं हायेत मला?"

ते कसनुसं हसले. मीही हसलो. तेवढ्यात अक्का आतून आली. तिच्या हातात चहा नव्हता, शेवयांचा डबा होता. झाकणावर खुणेचा केस जसाच्या तसा चिकटलेला. तिनं तो डबा दाजींच्या पुढ्यात ठेवला, बोटानं केस बाजूला सारला आणि झाकण काढलं. वरच्या शेवया बाजूला केल्या. खाली गोळ्यांची पाकिटं होती. काही भरलेली, बरीचशी रिकामी.

"ह्येच हुडकायलात न्हवं?" अक्का म्हणाली. "त्यो फेटा जयंतीच्या मिरवणुकीत मी बांधला हुता. समद्या बायांनी बांधले हुते निळे फेटे. आदल्या दिवशी केसाला काळं लावलं हुतं."

मीच विचारलं, "अक्का, काय दुखतंय?"

"पोटात. सोयाबीन निघालं तवापासून. तुरीच्या राशीला वाढलं. तालुक्याच्या दवाखान्यात एकानं गोळ्या लिहून दिल्या, त्याच आणून खायलेय. आदी एक, मग दोन."

दाजींनी मोबाइल काढला आणि ते जुनं चित्र उघडलं. टोकाकडचा निळा, मग पिवळा, मग लाल. त्यांचं बोट त्या पट्ट्यावरून हळूहळू सरकत होतं. सोयाबीन. तूर. मग मुळापाशी आलं आणि तिथंच थांबलं. इतके दिवस आम्ही ज्याला नशा म्हणून नाक मुरडत होतो, ते माझ्या बहिणीचं दुखणं होतं, आणि ते असं दिवसागणिक वाढलेलं त्या चित्रात स्पष्ट दिसत होतं.

"मला कामून सांगितलं न्हाईस?" दाजींनी विचारलं. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

"सुजाताचं ठरायलं हुतं. म्हनलं लेकराचं लगीन हुईपर्यंत काढावं." ती जरा थांबली. "आन् तुमचं भ्या वाटलं. दुखण्याचं न्हाई, तुमच्या विचारण्याचं. कधीपासून, किती, कुणी दिलं, कामून घेतलंस. मला त्या बाकड्यावर बसल्यावाणी झालं असतं."

त्यावर दाजींनी काय करावं? ते डब्याच्या झाकणावरचा तो केस बोटानं काढायला लागले, आणि तो काही केल्या त्यांच्या बोटाचा सुटेना. मी उठून भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. मला रडू आवरत नव्हतं, आणि माझा रागही कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. कारण त्या घरात मीही दर आठवड्याला जेवत होतो आणि मलाही काही दिसलं नव्हतं.

तपासणीत पोटात गाठ निघाली. सोलापूरला ऑपरेशन झालं, मग औषधं सुरू झाली. डॉक्टर छातीवर हात ठेवून काही सांगत नाहीत, पण त्यांनी एक गोष्ट सांगितली, की आणखी चार महिने त्या गोळ्यांवर काढले असते तर आमच्याकडं आणायचं कारण उरलं नसतं. हे ऐकल्यावर दाजी दवाखान्याच्या बाकड्यावर जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. शेवटी मिलिंदनं त्यांना चहा नेऊन दिला. "मामा," तो म्हणाला, "ह्यो केस तुम्ही चुकून उचलला, पण उचलला ना?" दाजींनी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

लग्न पुढं ढकलू नका, असा अक्काचा हट्ट होता. तोवर औषधांनी तिचे सगळे केस गेले होते. लग्नाच्या सकाळी दाजींनी तोच निळा फेटा, या खेपेला धुऊन इस्त्री केलेला, तिच्या डोक्याला बांधला. एवढ्या हलक्या हातानं की दोनदा सुटला. तिसऱ्यांदा सुजातानं बांधला. नवरदेव रबर लावून आला होता, आणि दाजी त्याच्या केसांकडं न बघता त्याच्या तोंडाकडं बघून बोलत होते. त्यांना ते जमत नव्हतं, मान अवघडत होती, पण ते प्रयत्न करत होते.

आता दाजी न्हाव्यासमोरच्या कट्ट्यावर बसत नाहीत. न्हाव्याला चुकल्याचुकल्यासारखं होतं म्हणे. डब्यांवर केस नाहीत. माझ्याकडची पाकिटं न्यायला ते येत नाहीत. मी दोन जुडगे बाजूला काढून ठेवले आहेत, उगाच. हैदराबादहून परत आलेलं एक पाकीट मात्र त्यांच्या कपाटात आहे. त्यावरचं 'मुलगा, निंबर्गा' त्यांनी खोडलं आहे, आणि खाली दुसरं नाव लिहायची त्यांना हिंमत झालेली नाही.

औषधं संपून तीन महिने होत आले. गेल्या रविवारी मी संतपूरला गेलो तेव्हा अक्का उन्हाला ओसरीवर बसली होती आणि दाजी तिच्या मागं भिंग लावून उभे होते. तिच्या डोक्यावर नवे केस आले आहेत, बारीक, पांढरे, लहान बाळासारखे. दाजींनी खिशातून ती स्टीलची पट्टी काढली आणि एका केसाला हळूच लावली.

"आता कुणाचा संशय हाय वो?" अक्का डोळे मिटूनच म्हणाली.

"कुणाचा न्हाई. किती महिने झाले ते मोजायलोय."

मी वाकून बघितलं. पट्टीच्या सेंटिमीटरच्या बाजूला दोनच्या पुढं जेमतेम तीन रेघा भरत होत्या. दाजींनीही बघितलं, भिंग पुसून पुन्हा बघितलं. मग पट्टी खिशात ठेवली आणि माझी नजर चुकवत म्हणाले, "अडीच धरा, मेव्हणे."